शेजाऱ्याचा श्वास

पाप कोणते ह्याविषयी आपल्या मंडळ्यांतून पुष्कळ बोलले जाते. परंतु शिष्टाचार कोणता, ह्या प्रश्नाकडे आपण फारसे लक्ष देत नाही. शिष्टाचार ही जगाची बाब आहे, धर्माशी तिचा संबंध नाही, असा आपला एक समज असतो. पवित्र शास्त्र मात्र ह्या समजाला आधार देत नाही. मोशेच्या नियमशास्त्रात शेजाऱ्याचा बैल वाट चुकला तर काय करावे, खणलेला खड्डा उघडा का ठेवू नये, गरिबाचे गहाण घेतलेले पांघरूण सूर्यास्तापूर्वी का परत करावे, अशा कितीतरी लहानसहान गोष्टी मोठ्या बारकाईने सांगितल्या आहेत. दुसऱ्याशी कसे वागावे हा प्रश्न परमेश्वराच्या दृष्टीने लहान असता, तर बैलाला आणि पांघरुणाला शास्त्रात जागा मिळाली नसती.

असाच एक लहान दिसणारा प्रश्न आज आपल्या घरांत, वसतिगृहांत आणि रस्त्यांवर येऊन उभा राहिला आहे. तो आहे ई-सिगारेटचा. चारचौघांत ती ओढणे योग्य आहे काय? जवळ बसलेल्याला विचारले म्हणजे आपले कर्तव्य संपते काय? आणि जिच्यापासून होणारी हानी अद्याप पूर्णपणे मोजली गेलेली नाही, अशा वस्तूविषयी ख्रिस्ती माणसाने कोणती भूमिका घ्यावी?

हा प्रश्न हवेतला राहू नये म्हणून एक ठिकाण डोळ्यांसमोर ठेवू. लखनौ शहराच्या दक्षिणेस, रायबरेलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर तेलीबाग नावाची गजबजलेली वस्ती आहे. एका अंगाला लष्कराची छावणी. त्याच रस्त्याने पुढे गेले म्हणजे संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था. स्थानिक लोक तिला नुसते ‘पीजीआय’ म्हणतात. उत्तर प्रदेशाच्या कानाकोपऱ्यातून आणि शेजारच्या राज्यांतूनही दुर्धर आजारांचे रोगी तेथे येतात. ह्या रस्त्यावर बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षा धावतात. त्यांत चार-पाच अनोळखी माणसे गुडघ्याला गुडघा लावून बसतात. कोणी छावणीतल्या नोकरीवर निघालेला असतो, कोणी शिकवणीला. आणि कोणी हातात तपासणीच्या कागदांची पिशवी घेऊन, दम लागलेल्या आपल्या माणसाला आधार देत पीजीआयकडे निघालेला असतो. आता अशा एखाद्या रिक्षात एका तरुणाने खिशातून पेनासारखी वस्तू काढली, ओठांना लावली आणि आंब्याच्या वासाचा पांढरा लोट बाहेर सोडला, तर त्याने काय केले असे आपण म्हणावे? काडी पेटली नाही, राख पडली नाही, धुराचा उग्र दर्पही आला नाही. “ही तर नुसती वाफ आहे,” असे तो म्हणेल. रिक्षातले बाकीचे बहुधा काहीच बोलणार नाहीत.

प्रथम कायद्याकडे पाहू. भारत सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम काढून आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा करून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण आणि जाहिरात ह्या सर्वांवर बंदी घातली. पहिल्या अपराधाला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. साठा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तेव्हा तेलीबागेतल्या एखाद्या गुमटीवर असो की मुंबईच्या पदपथावर, ही वस्तू विकणारा कायदा मोडतो आणि विकत घेणारा त्या चोरट्या व्यापाराला हात देतो. अधिकाऱ्यांच्या अधीन राहावे ही पौलाची शिकवण मानणाऱ्याला एवढे कारणही पुरेसे व्हावे. परंतु कायदा व्यापारावर नेम धरतो. त्या रिक्षातल्या चार माणसांनी एकमेकांशी कसे वागावे, हे तो शिकवीत नाही. ते शिक्षण दुसरीकडून घ्यावे लागते.

तरीही एका न्यायनिर्णयात ह्या शिक्षणाचे बीज सापडते. मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा ह्यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश दिला आणि रुग्णालये, शाळा-महाविद्यालये, ग्रंथालये, न्यायालये, सरकारी कचेऱ्या, रेल्वे व इतर सार्वजनिक वाहने अशा ठिकाणी धूम्रपानास मनाई केली. न्यायालयाने आधार घेतला तो घटनेच्या एकविसाव्या कलमाचा, म्हणजे जीविताच्या हक्काचा. ओढणाऱ्याचे काय होईल, ह्यापेक्षा न ओढणाऱ्याने ह्या हानीत वाटेकरी का व्हावे, हा प्रश्न तेथे पुढे आला. पुढे २००३ साली कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून, गांधीजयंतीच्या दिवशी, सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे सुधारित नियम देशभर लागू झाले. गोव्याने तर त्याही आधी, १९९७ साली, धूम्रपान आणि थुंकणे ह्या दोहोंना एकाच कायद्यात बांधले होते. ते योग्यच झाले. कारण जे सर्वांचे आहे ते एकाने आपल्या सुखासाठी दूषित करावे, हा दोहोंतला दोष एकच आहे.

आता “नुसती वाफ” ह्या शब्दांचा विचार करू. ई-सिगारेटमध्ये एक द्रव असतो. प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निरनिराळे स्वाद आणि बहुतेक वेळा निकोटिन ह्यांचे ते मिश्रण असते. बॅटरीने तापणारी तार हा द्रव तापविते आणि त्याचे अतिसूक्ष्म थेंब हवेत तरंगू लागतात. ही चहाच्या पेल्यावरची वाफ नव्हे. तीत निकोटिन असते, फॉर्माल्डिहाइडसारखी दाहक रसायने कमीअधिक प्रमाणात तयार होतात आणि तापणाऱ्या भागांतून निकेल, शिसे ह्यांसारख्या धातूंचे अंशही येऊ शकतात. बाहेर सोडलेल्या श्वासावाटे त्यांतले काही जवळच्या माणसापर्यंत पोहोचते. निकोटिन हे व्यसन लावणारे द्रव्य आहे. वाढत्या वयाच्या मुलांच्या मेंदूला आणि गर्भवतीच्या उदरातील बालकाला ते घातक आहे.

सत्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खरे बोलणाऱ्याने आपल्या पक्षाला सोयीचे तेवढेच सांगणे बरे नव्हे. सिगारेटमध्ये तंबाखू जळते; तिच्या धुरात हजारो रसायने असतात. ई-सिगारेटमध्ये ज्वलन नसल्यामुळे त्यांतली पुष्कळशी टळतात आणि शेजारच्या माणसाच्या वाट्यालाही तुलनेने कमी विष येते. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने २०१५ साली ही वस्तू सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी हानिकारक असल्याचा अंदाज प्रसिद्ध केला. ह्या आकड्यावर वाद झाला. तरी तेथील डॉक्टर प्रौढ धूम्रपान करणाऱ्यांना सिगारेट सोडण्याचे साधन म्हणून तिचा उपयोग सुचवितात. चीनमध्ये २००३ च्या सुमारास होन लिक नावाच्या ज्या औषधशास्त्रज्ञाने तिला आजचे रूप दिले, तो स्वतःच धूम्रपानाच्या सवयीतून सुटू पाहत होता. मात्र त्याच इंग्लंडने एकदाच वापरून फेकून देण्याच्या ई-सिगारेटांच्या विक्रीवर १ जून २०२५ पासून बंदी घातली आहे. कारण कचऱ्याबरोबर लहान मुलांच्या हाती ही वस्तू जाऊ लागली होती.

अमेरिकेत २०१९ साली घडलेली घटनाही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ई-सिगारेट ओढणारे तरुण अचानक फुप्फुसाच्या गंभीर विकाराने रुग्णालयात दाखल होऊ लागले. फेब्रुवारी २०२० पर्यंत अशा २,८०७ रुग्णांची व मृत्यूंची नोंद झाली आणि त्यांत ६८ जण दगावले होते. तपासात मुख्य संशय आला तो गांजातील द्रव्य असलेल्या, बहुधा चोरट्या मार्गाने आलेल्या द्रवात मिसळलेल्या ई जीवनसत्त्वाच्या एका संयुगावर. सर्वच ई-सिगारेटांवर तो दोष लादणे न्याय्य होणार नाही. परंतु ओढणाऱ्याला आपण काय ओढतो आहोत हे ठाऊक नव्हते, एवढे त्यातून निश्चित दिसते. आपल्या देशात तर हा सारा व्यापारच आडमार्गाचा. मग शेजारी बसलेल्याला ते कसे ठाऊक असणार?

“मग हानी सिद्ध झाल्यावर पाहू,” असे कोणी म्हणेल. येथे थोडा इतिहास आठवावा. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग ह्यांचा संबंध दाखविणारे डॉल आणि हिल ह्यांचे संशोधन ब्रिटनमध्ये १९५० साली प्रसिद्ध झाले. ते ओढणाऱ्यांविषयी होते. जवळ राहणाऱ्याचे काय होते, हे ठळकपणे पुढे यायला १९८१ साल उजाडले. त्या वर्षी जपानमधील ताकेशी हिरायामा ह्यांनी, स्वतः कधीही न ओढणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांचा चौदा वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचे पती भरपूर सिगारेट ओढीत, त्या स्त्रियांत फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अधिक आढळले. वाचकहो, ह्या दोन सालांमधील एकतीस वर्षांचा विचार करा. त्या काळात किती घरांत किती स्त्रियांनी आणि मुलांनी निमूटपणे तो धूर घेतला असेल! ओढणाऱ्याची हानी आधी मोजली गेली, शेजाऱ्याची नंतर. ज्याने स्वतः काही निवडले नाही, त्याचा हिशेब नेहमीच मागून होतो. ई-सिगारेट अजून पंचवीस वर्षांचीही झालेली नाही, आणि कर्करोगासारखा रोग दिसू लागायला कित्येकदा त्याहून अधिक काळ लागतो.

मग अनिश्चित धोक्याविषयी शास्त्र काय शिकविते? अनुवादाच्या पुस्तकातील बाविसाव्या अध्यायात, आठव्या वचनात, एक साधा नियम आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा बांधावा. नाहीतर कोणी वरून पडल्यास रक्तपाताचा दोष त्या घरावर येईल. ह्या नियमातील काळाचा क्रम पाहावा. कोणी पडल्यावर कठडा बांधावा असे परमेश्वर सांगत नाही. कोणी पडेलच अशी खात्रीही तो देत नाही. कदाचित त्या धाब्यावरून जन्मात कोणी पडणारही नाही. तरीही कठडा आधी बांधायचा, आणि तो बांधायचा घरमालकाने. पाहुण्याने सांभाळून चालावे, असे तेथे म्हटलेले नाही.

माझ्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर ह्या कठड्यापाशी आहे. सामाईक हवेत जो काही सोडतो, त्याच्यावर काळजीचा भार आहे. जो श्वास घेतो त्याच्यावर नाही. “तुला त्रास होतो हे सिद्ध कर, म्हणजे मी थांबतो,” असे म्हणणे म्हणजे आपल्या धाब्यावर आलेल्या पाहुण्याला “आधी पडून दाखव” असे म्हणण्यासारखे आहे. श्वास हा तर परमेश्वराने माणसाच्या नाकपुड्यांत स्वतः फुंकलेला आहे, असे उत्पत्तीचे पुस्तक सांगते. अन्न आवडले नाही तर माणूस ताट बाजूला सारू शकतो. रिक्षात बसलेला रोगी श्वास घेणे पुढच्या थांब्यापर्यंत लांबणीवर टाकू शकत नाही.

आपल्या ख्रिस्ती इतिहासात धूम्रपानाविषयी वाद झाले नाहीत असे नाही. लंडनचे थोर उपदेशक स्पर्जन ह्यांच्या मंदिरात १८७४ साली एका पाहुण्या उपदेशकाने, आपण चिरूट कसा सोडला ते सांगितले. त्यावर स्पर्जन ह्यांनी उठून, आपण ते पाप मानीत नाही आणि देवाच्या गौरवार्थ चिरूट ओढू शकतो, अशा अर्थाचे उद्गार काढले. वर्तमानपत्रांतून मोठा गदारोळ उडाला. एकीकडे ख्रिस्ती माणसाचे स्वातंत्र्य, दुसरीकडे देह हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे ही शिकवण. दोन्ही गोष्टी शास्त्रातल्याच. परंतु ह्या वादाचा सारा रोख ओढणाऱ्याच्या आत्म्यावर आणि देहावर होता. शेजारच्या बाकावरील माणसाच्या फुप्फुसांत काय जाते, ह्याचे ज्ञान त्या काळी नव्हते. आज ते आहे, आणि ज्ञानाबरोबर जबाबदारी वाढते.

पौलाने हा गुंता करिंथ येथील मंडळीपुढे सोडविला आहे. मूर्तींना दाखविलेले मांस खावे की खाऊ नये, असा तेथे वाद होता. मूर्ती काहीच नाही, तेव्हा खाण्यात स्वतः दोष नाही, असे जाणत्या लोकांचे म्हणणे होते आणि पौलालाही ते मान्य होते. तरीही ज्या खाण्याने आपल्या बंधूला ठेच लागेल ते मांस आपण कधीच खाणार नाही, असा त्याचा निर्णय आहे. आपल्याला मोकळीक आहे की नाही एवढे पाहून तो थांबत नाही. जे मोकळे आहे ते दुसऱ्याच्या उभारणीला उपयोगी पडते काय, हे तो विचारतो. पौलासमोर प्रश्न बंधूच्या विवेकाचा होता. आपल्यासमोर त्याच्या विवेकाबरोबर त्याची फुप्फुसेही आहेत.

“पण मी विचारून ओढतो,” असे पुष्कळ सभ्य माणसे म्हणतात. ही सभ्यता चांगलीच. मात्र तिचीही परीक्षा व्हावी. लखनौची अदब सर्वश्रुत आहे. ‘पहले आप, पहले आप’ करीत दोघांची गाडी चुकली, ही गोष्ट आपण हसत सांगतो. अशा शहरात रिक्षातल्या वृद्धाला “आपल्याला चालेल ना?” असे विचारले, तर तो खोकला दाबून “चालेल, चालेल” असेच म्हणणार. आपल्या मराठी घरांतही निराळे काय आहे? पाहुण्याला नाही कसे म्हणावे, दादाला नाही कसे म्हणावे, साहेबांना नाही कसे म्हणावे! ज्याला नकार देणे कठीण आहे त्याच्याकडून घेतलेली परवानगी ही खरी परवानगी नव्हे. ती त्याच्या भिडेचा फायदा घेणे होय. ‘पहले आप’ ह्या शब्दांत जो खरा अर्थ आहे, तो पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातही आहे: दुसऱ्याला आपल्याहून श्रेष्ठ मानावे आणि त्याचे हित पाहावे. तो अर्थ पाळणारा बंद जागेत विचारणारच नाही. तो उठून दूर जाईल आणि दुसऱ्याला नकार देण्याच्या संकटातून वाचवील.

येथवर ओढणाऱ्याविषयी बोललो. आता न ओढणाऱ्या आपणाविषयी. एखादा तरुण उपासनेनंतर मंदिराच्या आवारात ही वस्तू ओढताना दिसला, की आपल्या जिभा फार लवकर सुटतात. परंतु त्याच आवारात तळहातावर चुन्याबरोबर तंबाखू मळणारे वडीलधारे, आणि घरी मिश्री लावणाऱ्या आज्या आपल्याला दिसत नाहीत. २०१६-१७ साली झालेल्या राष्ट्रीय पाहणीत देशातील प्रौढांपैकी १०.७ टक्के धूम्रपान करणारे आढळले, तर धूर नसलेली तंबाखू सेवन करणारे २१.४ टक्के, म्हणजे दुप्पट. त्याच पाहणीत ३८.७ टक्के प्रौढांना आपल्या घरातच दुसऱ्याचा धूर सोसावा लागत होता. तेव्हा हा केवळ नव्या पिढीचा बिघाड आहे, असे म्हणण्याचा अधिकार जुन्या पिढीला नाही. ज्या व्यसनाची आपल्याला सवय झाली ते दिसेनासे होते, आणि ज्याचा वास अनोळखी ते तेवढे पाप ठरते.

शिवाय त्या तरुणाच्या हातात ती वस्तू का आली, हे आपल्याला ठाऊक नसते. एखादा मित्रांच्या नादाने तिच्याकडे वळला असेल. एखादा वीस वर्षांची सिगारेट सोडण्याची धडपड करीत असेल. दोघांनाही चारचौघांत लाजविल्याने ते सुधारत नाहीत. फार तर लपून ओढू लागतात, आणि ही वस्तू लपविण्यास मोठी सोपी आहे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने घालून दिलेली रीत अशी, की बंधूचा अपराध आधी त्याला एकट्याला गाठून सांगावा. व्यासपीठावरून टोमणा मारणे ही पायरी त्या अध्यायात कोठेच नाही. परंतु गप्प बसणे हीसुद्धा प्रीती नव्हे. रिक्षातल्या रोग्याच्या वतीने कोणीतरी, आवाज न चढविता, “भैया, जरा उतरल्यावर ओढा, ह्यांना श्वासाचा त्रास आहे,” एवढे म्हणावयास हवे. दुर्बलाच्या वतीने बोलण्याची संधी नेहमीच मोठ्या प्रसंगी येते असे नाही. ती भाड्याच्या रिक्षातही येते.

म्हणून माझी वाचकांस विनंती अशी. जे ओढतात त्यांनी घर, वाहन, कचेरी, वसतिगृहाची खोली, मंदिर आणि मंदिराचे आवार ही ठिकाणे, कोणी मना करो वा न करो, वर्ज्य मानावीत. मुले, गर्भवती आणि आजारी माणसे ह्यांच्या आसपास तर मोकळ्या हवेतही ओढू नये. जे सोडू इच्छितात त्यांनी चोरट्या बाजारातल्या वस्तूवर भिस्त ठेवण्यापेक्षा डॉक्टरांकडे जावे, किंवा १८००-११-२३५६ ह्या सरकारी निःशुल्क दूरध्वनीवर सल्ला घ्यावा. पाळकांनी आणि तरुण संघांच्या पुढाऱ्यांनी ह्या विषयावर ओरडण्याऐवजी बोलावे, आणि बोलताना तंबाखूच्या डबीला वगळू नये. आईवडिलांनी मुलाच्या दप्तरात पेनासारखी वस्तू सापडल्यास हात उगारण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे.

शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करावी, ही आज्ञा आपण लहानपणापासून पाठ म्हणतो. शेजारी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर भिंतीपलीकडचे घर येते. परंतु ज्याचा आणि आपला श्वास एकाच हवेतून येतो तो आपला त्या घडीचा शेजारी होय. मग त्याचे नाव, जात, भाषा आपल्याला ठाऊक असो वा नसो. त्याच्यासाठी कठडा बांधायला दगडविटा लागत नाहीत. हात खिशात गेलेला असताना क्षणभर थांबून आजूबाजूला पाहिले, तरी त्याची पहिली वीट बसते. ते थांबणे प्रभू आपणां सर्वांना शिकवो.